नानांची फाइल आधी आपण लिहायची

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांतून हल्ली एकच गोष्ट ऐकू येते. मुलं पुण्याला, बंगळुरूला नाहीतर अमेरिकेत. वाड्याच्या दोन खोल्या उघड्या, बाकीच्यांना कुलूप. आणि त्या दोन खोल्यांत एकटी आई किंवा एकटे वडील, ज्यांच्या ‘आताशा काही लक्षात राहत नाही’. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली, तेव्हापासून इथे नांदलेल्या घरांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसायला कोणी ना कोणी असायचंच. आता नसतं. लासी-डॅड या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्यानुसार भारतात साठीच्या पुढच्या माणसांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे.

माझे सासरे, आमचे नाना, त्यांतलेच एक. महालेखाकार कार्यालयात, म्हणजे आम्हा ग्वाल्हेरकरांच्या एजी ऑफिसात, त्यांची उभी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. काही वर्षं आम्ही त्यांना घरी सांभाळलं, मग पुण्याच्या एका निवासी केंद्रात ठेवलं. तिथे नणंद जवळ राहते. ओळखीतले लोक विचारायला येतात, त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

१. ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका

विसरणं हे म्हातारपणाचं लक्षण मानून बरीच घरं पहिली दोन-तीन वर्षं घालवतात. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, पडल्यावर डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त, यांनीही माणूस असाच गोंधळतो, आणि यांवर उपचार आहेत. तेव्हा रक्ताच्या तपासण्या आणि मेंदूचं स्कॅन झाल्याशिवाय निदानावर विश्वास ठेवू नका. निदान पक्कं झालं, तर डोनेपेझिल, मेमॅन्टीन यांसारख्या गोळ्या काही जणांना काही काळ मदत करतात. त्या रोग थांबवत नाहीत. हे डॉक्टरांकडून एकदा स्वच्छ ऐकून घेतलं, म्हणजे चमत्काराच्या मागे पैसा आणि जीव दोन्ही जात नाहीत.

२. सही येते आहे तोवर कागद करून घ्या

मुखत्यारपत्र करून ठेवलं की काम झालं, अशी सर्रास समजूत आहे. आपल्या करार कायद्यानुसार माणसाची समज गेली की त्याने दिलेलं मुखत्यारपत्रही संपतं. नेमकी गरज पडते तेव्हाच ते कामाचं राहत नाही. मग पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. ग्वाल्हेरला खंडपीठ आहे म्हणून इथल्यांना निदान प्रवास पडत नाही, पण वेळ आणि वकील लागतातच. बँकेची खाती संयुक्त करणं, नामनिर्देशन तपासणं आणि मृत्युपत्र करणं ही कामं माणसाला कळत असताना, त्याच्याशी बोलून करायची. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आपल्या वतीने उपचारांचे निर्णय कोणी घ्यायचे, ते आधी लिहून ठेवण्याची सोय आहे. ती वापरा.

पेन्शनरांच्या घरी आणखी एक काम दर नोव्हेंबरला उभं राहतं, हयातीच्या दाखल्याचं. ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच तो देता येतो. मोबाइलवर चेहरा दाखवून देण्याची सोय झाली आहे. पण स्मृतिभ्रंशाच्या माणसाला ‘इकडे बघा, डोळे मिटा’ सांगून उपयोग नसतो. सकाळी, अंघोळ-नाश्ता होऊन माणूस प्रसन्न असतो, तेव्हा करावं. नाहीतर बँकेला सांगून घरी किंवा केंद्रावर माणूस बोलवावा.

३. घरी किती दिवस, याचं उत्तर सांभाळणाऱ्याच्या तब्येतीत आहे

नाना रोज साडेनऊला तयार होत. शर्ट-पँट, खिशात पेन, हातात रिकामी पिशवी. एकदा दार उघडं सापडलं आणि ते झाशी रोडच्या दिशेने चालू लागले. एजी पुलाजवळच्या चहावाल्याने ओळखलं म्हणून ते परत मिळाले. तेव्हापासून घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला. आम्ही दाराला वर कडी लावली, त्यांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवली, गल्लीतल्या दुकानदारांना सांगून ठेवलं. हे सगळं करावंच. पण रात्री दोनला उठून ऑफिसला निघालेल्या माणसाला कोण थांबवणार? जो थांबवतो, त्याला सकाळी नोकरी असते. माझ्या यजमानांचा रक्तदाब वाढला, माझी पाठ धरली, आणि चिडचिड नानांवर निघू लागली.

रात्री एकापेक्षा जास्त माणसं लागायला लागली, सांभाळणाराच आजारी पडायला लागला, किंवा रुग्णाला इजा होण्याची भीती रोजची झाली, तर केंद्राचा विचार सुरू करावा. ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न आमच्याकडेही आला. म्हणणाऱ्यांपैकी रात्रीचं जागरण वाटून घ्यायला कोणी आलं नाही, एवढं मी त्यांना सांगितलं.

४. केंद्र दिवेलागणीला पाहा

सकाळी अकराला सगळीच केंद्रं छान दिसतात. फुलझाडं, हसरी परिचारिका, भिंतीवर वाढदिवसांचे फोटो. संध्याकाळी पाचनंतर जा. स्मृतिभ्रंशाच्या पुष्कळ माणसांची घालमेल उन्हं उतरताना वाढते. कोणी घरी जायला निघतं, कोणी रडतं, कोणी दार वाजवतं. नेमक्या त्याच सुमाराला अनेक ठिकाणी कामगारांची पाळी बदलते. ती वेळ जे केंद्र नीट निभावतं, ते चांगलं.

आम्ही एक केंद्र पाहून परत आलो. जागा सुंदर होती. पण संध्याकाळी सगळ्यांना एका ओळीत खुर्च्यांवर बसवलं होतं, समोर टीव्ही मोठ्याने चालू, आणि एका बाईंचा हात ओढणीने खुर्चीच्या दांडीला बांधलेला. विचारलं तर ‘पडतात म्हणून’ असं उत्तर मिळालं. बांधलेला माणूस जास्त धडपडतो, त्याच्या पायांतली ताकद जाते, आणि मग तो खरोखरच पडतो. दुसरी गोष्ट झोपेच्या आणि शांत करणाऱ्या औषधांची. मनोविकारांवरची काही औषधं स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना दिली तर मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक खात्याने २००५ मध्येच दिला. कधी कधी ती लागतात, नाही असं नाही. पण कोणाच्या सांगण्यावरून, किती दिवस, आणि बंद कधी करणार, हे विचारायचा आपल्याला अधिकार आहे. विचारल्यावर चालक चिडले, तर तिथून उठावं.

रात्री किती माणसांमागे किती कामगार जागे असतात? कामाला येऊन किती दिवस झाले, हे दोन-तीन मुलींना सहज विचारा. सगळ्याच नवीन असतील, तर आधीच्या का गेल्या याचा विचार करा. संडासाचं दार पलंगावरून दिसतं का? डायपर, फिजिओथेरपी, डॉक्टरांची भेट, दवाखान्यात दाखल करावं लागलं तर सोबतीचा माणूस, हे सगळं महिन्याच्या रकमेत धरलेलं आहे की वेगळं? वेगळं असेल तर ते लेखी घ्या. अनामत रक्कम कधी आणि कशी परत मिळते, हेही.

आणि चालायला जागा आहे का, ते बघा. नेदरलँड्समध्ये वेस्प या गावी २००९ मध्ये होखेवेक नावाची वस्ती उभी राहिली. स्मृतिभ्रंशाची माणसं तिथे लहान लहान घरांतून राहतात. आत रस्ते, चौक, किराणा दुकान, नाट्यगृह आहे, आणि त्या आवारात ती मोकळी फिरतात. ते वाचलं तेव्हा मला आमचा वाडाच आठवला. मध्ये चौक, चौकात तुळशीवृंदावन, भोवती ओसरी. नाना त्या ओसरीवरून गोल गोल चालत राहायचे. वाट कुठे बंद होत नाही म्हणून ते अडायचे नाहीत, अडले नाहीत म्हणून चिडायचे नाहीत. केंद्र पसंत करताना आम्ही हेच शोधलं. गच्ची नको, बंद कॉरिडॉर नको, फिरून परत जिथल्या तिथे येणारी वाट हवी.

५. माणसाची फाइल आधी आपण लिहायची

हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. केंद्रात गेल्यावर माणसाची एक फाइल होते. वजन, रक्तदाब, औषधं, निदान. त्यात माणूस कुठेच नसतो. तो कुटुंबाने लिहून द्यायचा.

पुण्याला गेल्यावर पहिल्याच पंधरवड्यात नानांच्या नोंदवहीत ‘भाषेचा गोंधळ वाढला आहे, हिंदी-मराठी मिसळतात’ असं लिहिलेलं नणंदेने पाहिलं. नाना जन्मभर तसंच बोलत आले आहेत. ‘मी खाऊन राहिलोय, जरा थांब’ हे त्यांचं रोजचं मराठी. पाढे आणि हिशेब हिंदीतून, कारण शाळा आणि ऑफिस हिंदीत. ‘डेढ सौ’ म्हणणारा ग्वाल्हेरचा मराठी माणूस गोंधळलेला नसतो. पण पुण्यात वाढलेल्या मुलीला हे कसं कळावं? तिने प्रामाणिकपणे जे ऐकलं ते लिहिलं. डॉक्टरांनी ते वाचून रोग वाढला असा अर्थ लावला असता, तर औषध बदललं असतं. जेवणाचंही तेच. आमटीत गूळ असला की नाना वाटी बाजूला सारत. ‘भूक मंदावली’ अशी नोंद झाली. बिनगुळाची, जिऱ्याची फोडणी दिलेली डाळ मिळाली, आणि ते पोळी मागून घेऊन जेवले.

(दोन भाषा बोलणाऱ्यांविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली होती. ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्याच्या मराठी माणसांनी आपली ही मिसळ मुळीच लपवू नये.)

मग आम्ही बसून लिहून काढलं. सगळ्यांनी मिळून, फोनवर भांडत, आठवत. त्यांना ‘आजोबा’ म्हटलं की ते मान वळवत नाहीत, ‘साहेब’ म्हटलं की वळवतात. चहा अंघोळीनंतरच. डोक्यावरून शॉवरचं पाणी पडलं की घाबरतात, बादली आणि तांब्या द्या, तांब्या त्यांच्याच हातात द्या. उजव्या कानाने कमी ऐकू येतं, डाव्या बाजूने बोला. जानवं काढू नका. सोमवार आठवला की अचलेश्वराला जायचं म्हणतात, तेव्हा महादेवाची तसबीर समोर ठेवा. थंडीत गजक दिसली की खुलतात, पण दात नाहीत, कुस्करून द्या. कोणते भाऊ-बहीण हयात नाहीत. कोणत्या विषयाने डोळ्यांत पाणी येतं. आणि फोटो, मागे नाव आणि नातं लिहिलेले. हे कागद कपाटात नाही, स्वयंपाकघराच्या दाराशी लावायला सांगितले, कारण तिथून प्रत्येक पाळीची मुलगी जाते.

टॉम किटवुड नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९९७ च्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं, की आजाराच्या आधी माणूस बघा. मी मानसशास्त्र शिकलेली नाही. जिऱ्याच्या फोडणीने मला ते पटलं.

६. हाताला त्याचं जुनं काम द्या

केंद्रात सकाळी चेंडू फेकणं, रंग भरणं असे कार्यक्रम असतात. नाना त्यांत बसत नसत. साडेनऊ झाले की दाराशी जाऊन उभे. तिथल्या एका मुलीने, ती लातूरकडची आहे, आपणहून एक गोष्ट केली. दुधाचं आणि भाजीचं रजिस्टर आणून त्यांच्यापुढे ठेवलं, लाल पेन्सिल दिली आणि म्हणाली, ‘साहेब, तपासायचं राहिलंय.’

मी गेले तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी आधी चष्मा पुसला. रजिस्टर टेबलाच्या कडेला समांतर लावलं. डाव्या हाताचं बोट रकान्यावर, उजव्या हातात पेन्सिल. एकेक आकड्यावर थांबून, ओठांतल्या ओठांत हिंदीत बेरीज. बेरीज बरोबर येत होती असं नाही. पण प्रत्येक आकड्यापुढे खूण होती, एकाच उंचीची, एकाच तिरप्या रेघेची. एका जागी खाडाखोड होती. तिथे त्यांची पेन्सिल थांबली, त्यांनी त्या मुलीकडे पाहिलं आणि विचारलं, ‘यहाँ किसके दस्तखत हैं?’ ती म्हणाली, ‘घेते साहेब.’ शेवटी तारखेची जागा रिकामी सोडून त्यांनी सही केली, आणि चहा घेतला. दाराशी जाणं त्या दिवशी झालं नाही.

तुमच्या आईने शाळेत शिकवलं असेल, तर तिच्यापुढे वह्या ठेवा. शिवणकाम केलं असेल, तर घड्या घालायला कापड द्या. सुई देऊ नका.

७. खरं-खोटं करत बसू नका

‘माझी ही कुठे गेली?’ असं नाना विचारतात. सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. ‘त्या वारल्या’ असं सांगितलं की ती बातमी त्यांच्यासाठी त्या क्षणी नवी असते, आणि दुःखही नवं. ते विसरतात, पुन्हा विचारतात, पुन्हा मोडून पडतात. मी सांगते, ‘भरीत काय सुरेख करायच्या नाही का त्या?’ मग ते भरिताबद्दल बोलतात, चुलीबद्दल बोलतात, त्यांच्याबद्दल बोलतात. त्यांना त्यांच्याजवळ जायचं असतं, पत्ता नको असतो.

‘घरी चल’ म्हणतात तेव्हाही तेच. ‘हेच आता घर’ असा वाद घालू नये. ‘चहा घेऊन निघू’ म्हणावं आणि चहा घ्यावा. निघताना निरोपाचा मोठा सोहळा करू नये. जेवायची वेळ गाठावी, ताट समोर आलं की उठावं.

८. एका रात्रीत बिघडलं, तर तो स्मृतिभ्रंश नाही

हा आजार हळूहळू वाढतो. काल ठीक असलेला माणूस आज अचानक भ्रमात बोलू लागला, झोपून राहू लागला, किंवा मारायला धावला, तर लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, अंगातलं पाणी कमी होणं, न्यूमोनिया, नवीन औषध यांपैकी बहुधा काहीतरी असतं. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा, घरोघरी हे होतं. या माणसांना तहान लागल्याचं सांगता येत नाही. पाणी विचारायचं नाही, हातात द्यायचं.

९. सांभाळणाऱ्या मुलींकडे पाहा

‘अस्तु’ हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट मी पुन्हा पाहिला. डॉ. मोहन आगाशे यांनी त्यात स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताचं काम केलं आहे. हत्तीच्या मागे गेलेल्या त्या हरवलेल्या म्हाताऱ्याला माहुताची बायको जवळ घेते. तिला रोगाचं नाव ठाऊक नाही. अमृता सुभाषला त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. केंद्रांतल्या मुली बघताना मला ती बाई दिसते. बहुतेक जणी गावाकडून आलेल्या, बारा-बारा तासांच्या पाळ्या, पगार तुटपुंजा. मार खातात, शिव्या खातात, घाण काढतात. आपण भरतो त्या पैशातला किती भाग त्यांच्या हातात पडतो, हा प्रश्न कुटुंबांनी चालकांना विचारायला हवा. सणाला त्यांना साडी द्या, पण त्याआधी त्यांची नावं पाठ करा आणि त्या काय सांगतात ते ऐका. नाना डाव्या कुशीवर झोपले की कण्हतात, हे डॉक्टरांच्या आधी त्यांनीच सांगितलं.

१०. गिळता येईनासं होईल, त्या दिवसाबद्दल आज बोला

आजाराच्या शेवटच्या टप्प्यात घास गिळणं कठीण होतं. तेव्हा नळीने अन्न द्यायचं का, हा प्रश्न रात्री अकराला दवाखान्याच्या जिन्यात समोर येतो. वृद्धांच्या आजारांचे तज्ज्ञ या टप्प्यावर नळीऐवजी हाताने, थोडं थोडं, मऊ अन्न भरवण्याचा सल्ला देतात, कारण नळीने आयुष्य वाढतं किंवा त्रास कमी होतो असं दिसलेलं नाही. आम्ही तिघांनी हे आधी बोलून, लिहून केंद्राकडे दिलं आहे. बोलणं जड गेलं. पण आता तिघांचं एकमत आहे, आणि तो जिना आला तरी तिथे आमच्यात भांडण होणार नाही.

११. ग्वाल्हेरला काय हवं

नानांना झेलमने किंवा गोवा एक्स्प्रेसने पुण्याला न्यावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं. त्यांचा अचलेश्वर इथे, त्यांचं एजी ऑफिस इथे, त्यांची बोली समजणारी माणसं इथे. केरळात राज्य सरकारच्या सामाजिक न्याय खात्याने, १९९२ पासून या क्षेत्रात काम करणाऱ्या एआरडीएसआय या संस्थेला बरोबर घेऊन, कुन्नमकुळमला दिवसाचं केंद्र आणि एर्नाकुळम जिल्ह्यात निवासी केंद्र चालवून दाखवलं. आपल्याकडे सुरुवात दिवसाच्या केंद्रापासूनच व्हावी. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढं जरी मिळालं, तरी सांभाळणाऱ्याची नोकरी आणि झोप दोन्ही टिकतात, आणि निवासी केंद्राची वेळ पुढे ढकलता येते.

लागणारं सामान फार नाही. तळमजल्यावरचा एक वाडा, चौकासकट. लष्करात असे कितीतरी बंद पडून आहेत, आणि त्यांचे मालक पुण्या-मुंबईत बसून दर वर्षी घरपट्टी भरत आहेत. उंबरे काढून सपाट केलेली जमीन, संडासात धरायला दांडे, फाटकाला हात पोहोचणार नाही अशी कडी. ने-आण करायला एक व्हॅन. प्रशिक्षण घेतलेल्या चार बायका, ज्यांना मराठी आणि हिंदी दोन्ही येतं. आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर. तोवर अडलेल्यांनी १४५६७ या ज्येष्ठांसाठीच्या क्रमांकावर किंवा १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर फोन करावा, हिंदीत बोलता येतं. ज्यांच्याकडे असा वाडा आहे आणि जे तो विकायच्या विचारात आहेत, त्यांनी आधी आमच्या ह्यांच्याशी एकदा बोलावं. किती खर्च येईल त्याचा हिशेब त्यांनी मांडून ठेवला आहे.